दोन हाका

फागूने हिरड्याची एक डहाळी मोडली, पानांवरचं पाणी झटकलं आणि ती ढिगावर ठेवली. मग दुसरी मोडून गोदीपुढे धरली. गोदीचे दोन्ही हात सुपाला गुंतलेले होते. तिने मानेनेच खूण केली, तेव्हा तिच्या वाटची डहाळीही त्यानेच ठेवली.

खिंडीच्या तोंडाशी हा ढीग कधीपासून आहे ते पाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या वाटेने खाली उतरणाऱ्याने एक डहाळी ठेवायची, वर येणाऱ्याने एक ठेवायची, माणशी एक. विसरलात तर वाट तुम्हाला विसरत नाही, एवढंच म्हातारी माणसं सांगत. खालच्या डहाळ्या कुजून माती झाल्या होत्या, मधल्या वाळून काड्या झाल्या होत्या आणि वर थोडा हिरवा पाला असायचा. अलीकडे तोही नसायचा. जव्हार संस्थानाने मोखाड्याकडे नवी सडक काढली, खडी पसरली, आणि माणसं शहाण्यासारखी सडकेने जाऊ लागली. आज ढिगावर हिरवं असं काही होतं तर या दोन डहाळ्याच.

वाट म्हणायला खाली ओढ्यापर्यंत अर्धा कोस भरेल. शिवाजीराजा याच वाटेने सुरतेवर गेला, असं जव्हारचे कारकून छाती फुगवून सांगत. फागूच्या आजाला विचाराल तर त्याच्या लेखी ती मिठाची वाट. खालून मीठ लादलेले बैल यायचे आणि वरून धान्य घेऊन उतरायचे, एकामागे एक, दिवस दिवस. त्यांच्या खुरांनी वाटेतल्या फरशांना वाटीएवढे खळगे पडले होते. बैल गेले, तांडे गेले, खळगे तेवढे राहिले. श्रावणात ते काठोकाठ भरत आणि त्यांतलं पाणी आभाळासारखं पांढरं दिसे.

"चल," गोदी म्हणाली. "पुढं हो. हळू चाल, सूप हलतं."

सुपात मूठभर तांदूळ होते, मूठभर नागली होती आणि पळसाच्या द्रोणात थोडी मोहाची दारू. दगडाला जागा म्हणून मधला भाग तिने रिकामा ठेवला होता.

हे सगळं कशासाठी, तर पोशीच्या लग्नासाठी. पोशी ही गोदीची एकुलती एक लेक. माघात तिचं लग्न ठरलं, देणंघेणं झालं, सगळे खूश होते. मग माघी आली. माघी म्हणजे पाड्यावरची धवलेरी. लग्नात देवांची आणि घराण्याची नावं गाऊन लग्न लावते ती धवलेरी, आणि तिच्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. ती ओट्यावर बसली, तंबाखू मळली आणि सरळ विचारलं,

"नावं दोन ओळींत घ्यायची असतात, बाय. जित्यांची एक, मेल्यांची एक. पोशीच्या बापाचं नाव कंच्या ओळीत घेऊ?"

बारा वर्षांत हा प्रश्न इतका उघड कुणी विचारला नव्हता.

"चुकीच्या ओळीत घेतलं तर पोरीच्या संसाराचं वाटोळं," माघी म्हणाली. "ता माझ्या माथी नको."

पोशीचा बाप लक्ष्या. फागूचा थोरला भाऊ आणि गोदीचा नवरा. बारा वर्षांपूर्वी असाच श्रावण सरताना तो या वाटेने घरी यायला निघाला आणि आलाच नाही. माणसांनी चार दिवस रान पिंजून काढलं. वाटेवर मिठाचा चौथरा आहे, तिथे पूर्वी तांडे गोण्या उतरवून दम खायचे. त्या चौथऱ्यावर लक्ष्याची डोक्यावरची चुंबळ सापडली. खालची घळ तेव्हा पाण्याने दुथडी वाहत होती. कुणी म्हणालं, वाघ. कुणी म्हणालं, घळ. वेठीची माणसं मोजणारा एक शिपाई होता, तो म्हणाला, कसली घळ नि कसला वाघ, ओझी वाहायचा कंटाळा आला, पळाला मुंबईला. त्या एका बोलण्याने गोदीला बारा वर्षं पुरेल एवढी आशा दिली. तिने काकणं काढली नाहीत, गळ्यातले मणी काढले नाहीत. कुणी पाट लावायची गोष्ट काढली की ती विचारायची, "माझा माणूस मेला असं कोण म्हनतं? तू पायलास?" विचारणारा आल्या पावली परत जायचा.

मग सगळे जिवा भगताकडे गेले. भगताने डोळे मिटून, उघडून, पुन्हा मिटून सांगितलं ते असं. ज्या दिवसांत गेला त्याच दिवसांत जायचं. ज्याने त्याला शेवटचा पाहिला त्याने जायचं, आणि त्याच्या बायकोने. जागेवर उभं राहून आधी खरं बोलायचं. शेवटी काय पाहिलं, काय ऐकलं, सगळं. खोटं निघालं तर तो पाठ फिरवील आणि पोरीच्या मांडवातही कधी येणार नाही. मग तीन हाका मारायच्या, तिथला एक दगड सुपात घ्यायचा आणि परत फिरायचं. मेला असेल तर तो त्या दगडाबरोबर घरी येतो.

"येताना बायको पुढं, दीर मागं," भगत म्हणाला. "मागं बघायचं नाय. आणि ढीग येईपर्यंत कोणीबी हाक मारली तरी ओ द्यायची नाय."

"आन् तो जिता असला तर?" गोदीने विचारलं होतं.

"तर रिकामे याल. कळंल तुमचं तुमाला."

गोदीने मान हलवली. फागूने खाली बघितलं. त्याला भीती होती ती हाकांची नव्हे, दगडाचीही नव्हे. खरं बोलायचं, या दोन शब्दांची.

आणि आता ती वेळ आली होती. दिवस कासराभर वर आला असेल, पण वाटेवर धुकं असं बसलं होतं की चार हातांपुढचं झाड दिसत नव्हतं. ते जवळ गेल्यावर एकदम पुढ्यात यायचं, जणू आत्ताच येऊन उभं राहिलंय. किड्यांची किरकिर नव्हती. पाखरू बोलत नव्हतं. इरल्यावर पानांतलं पाणी ठिबकायचं, तेवढाच आवाज. फागू फरशांवरून पाय जपून टाकत उतरत होता आणि मागून गोदीच्या काकणांची बारीक किणकिण येत होती. ती येतेय ना, हे त्याला मागे न बघता कळत होतं, आणि त्याला तेवढाच धीर होता.

"फागू," मागून गोदी म्हणाली.

तो दचकला. मग स्वतःवरच चिडला.

"काय?"

"काय नाय. तू गप चालतंस म्हणून."

"मग काय गाणी म्हणू?"

ती हसली नाही. तोही हसला नाही. रानात उगाच नाव घ्यायचं नसतं, एवढं त्या दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

लहानपणापासून आणखीही एक ठाऊक होतं. फागूच्या बापाने ते दोघा पोरांना याच खिंडीत उभं करून शिकवलं होतं. रानात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीला द्यायची नाही. तिसरी आली तर द्यायची. चकवा असतो ना रानात, त्याला सगळ्यांची नावं ठाऊक असतात, आवाजही ओळखीचा काढतो, पण त्याला दोनच हाका येतात. तिसरी फक्त माणसाला येते. बापाने हे सांगताना दोघांचे कान धरले होते आणि लक्ष्याने उलट विचारलं होतं, "आन् माणूस दमला, दोनच मारल्या तर?" बापाने त्याच्या कानाला आणखी एक पीळ दिला. "माणूस असंल तर दमला तरी मारील. त्याला जीव प्यारा असतो."

लक्ष्या नाहीसा झाला त्या दिवशी ते दोघे मोखाड्याहून परत येत होते. दौऱ्यावर आलेल्या साहेबाचा तंबू, खुंट्या, पलंग, काय न् काय, सगळं वेठीच्या माणसांनी डोक्यावरून नेलं होतं. येताना लक्ष्याचा पाय मुरगळला. धुकं आजच्यासारखंच होतं. फागू तेव्हा विशीचा, पायाला भिंगरी. चौथऱ्याशी लक्ष्या टेकला, चुंबळ काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "तू हो पुढं. मी येतो पाय ओढत. तुझ्या वयनीला सांग, भाकर टाकून ठेव."

फागू पुढे झाला. शंभरेक पावलं गेला असेल, आणि मागून हाक आली.

"फाग्याऽऽ."

तो थांबला. तोंडापर्यंत आलेली ओ त्याने गिळली.

"फाग्याऽऽ."

आवाज लक्ष्याचाच होता. असणारच. चकव्याचा असला तरी लक्ष्याचाच असणार. फागू फरशीवर उभा राहून तिसरीची वाट बघत राहिला. चिलीम ओढून होईल एवढा वेळ गेला. तिसरी आली नाही. मग त्याच्या अंगावर जो काटा आला त्याने त्याला पार घरापर्यंत पळवत नेलं. गोदी घरी नव्हती, तीही थोड्या वेळाने आली, भाकरी टाकली, लक्ष्याची भाकर झाकून ठेवली.

रात्री माणसं जमली तेव्हा कुणीतरी विचारलं, "काय आयकलंस का रं मागून?" आणि फागू म्हणाला, "नाय."

त्या एका 'नाय'वर त्याने बारा वर्षं काढली. वहिनीचं शेत स्वतःच्या शेताआधी लावलं. पोशीला खांद्यावरून जत्रेला नेलं. स्वतःचं लग्न झालं, पोरं झाली, तरी चूल एकच ठेवली. पाड्यावरची माणसं म्हणत, दीर असावा तर फागूसारखा. ते ऐकलं की तो तिथून उठून जायचा. तो स्वतःची समजूत घालायचा. लक्ष्याला नियम ठाऊक होता. बापाने त्याचाही कान धरला होता. तो जिता असता, खरा असता, तर त्याने तिसरी मारलीच असती. मारली नाही, म्हणजे तो लक्ष्या नव्हता. हे एवढं एक लाकूड धरून तो बारा वर्षं पाण्यावर राहिला होता.

चौथरा आला. म्हणजे धुक्यातून एकदम पुढ्यात उभा राहिला. काळे घडीव दगड, फटींतून उगवलेला तेरडा, एका अंगाला वाट आणि दुसऱ्या अंगाला घळ. घळ दिसत नव्हती. खालून पाण्याचा आवाज येत होता, कुणी दार लावून आत बोलत असावं तसा.

गोदीने सूप चौथऱ्यावर ठेवलं. तांदळाचे आणि नागलीचे चार दाणे चारी बाजूंना टाकले. द्रोणातली मोहाची दगडावर ओतली. मग पदर सावरून ती फागूसमोर उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली.

फागूने इरलं काढून खाली ठेवलं. ते उगाचच होतं, पाणी तर ठिबकत होतं. तेवढाच वेळ गेला.

"इथं बसला व्हता," तो म्हणाला. "पाय मुरगळला व्हता त्याचा. मना म्हणाला, तू हो पुढं. तुझ्या वयनीला सांग, भाकर टाकून ठेव."

"ता तू तवाच सांगितलंस."

"हां."

"मग?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून फागूला बोलता येईना, म्हणून तो तिच्या काकणांकडे बघून बोलला.

"त्याने हाक मारली व्हती, वयनी. दोन. मना. फाग्या म्हणून, फाग्या म्हणून, अशा दोन."

गोदी हलली नाही.

"मी थांबलो. तिसरीची वाट पायली. आली नाय. मी पळालो." एकदा बांध फुटल्यावर त्याला आवरेना. "लोकांना सांगितलं काय आयकलं नाय. तुला बी तसाच सांगितलं. पण मना दोन आल्या व्हत्या. मी ओ दिली नाय."

पाण्याचा आवाज येत राहिला. फागूला वाटलं, आता ही मला मारील. मारावं तिने, असंही वाटलं. घळीत ढकललं तरी तो हात वर करणार नव्हता.

"किती वेळ वाट पायलीस?" गोदीने विचारलं.

"चिलीम ओढून होईल एवढा."

"आन् मग?"

"मग काय. त्याला ठावं व्हतं ना, वयनी. आमच्या बापाने त्याचा बी कान पिळला व्हता. तो असता तर त्याने तिसरी मारलीच असती. नाय मारली, म्हणून मी म्हटलं, हा आपला लक्ष्या नाय."

गोदी चौथऱ्यावर बसली. अगदी सावकाश, म्हातारीसारखी, एक हात दगडावर टेकून. मग घळीपलीकडे जिथे धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं तिकडे बघत म्हणाली,

"मारली ना तिसरी."

फागूला कळलं नाही.

"मी तिकडं व्हते. पल्याड. करटोली काढायला गेले व्हते, पोशीला आजीजवळ ठेवून." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्याला वाकून ऐकावं लागलं. "मना तुझ्या दोन नाय आयकू आल्या. वारा तिकडचा व्हता. मना एक आली. गोदे म्हणून. घरात मारायचा तशी. एकच."

फागू तिच्याकडे बघत राहिला.

"मी बी वाट पायली," गोदी म्हणाली. "दुसरीची. मग तिसरीची. माझ्या आयने बी मना ताच शिकवलेलं. करटोली तिथंच टाकली आन् वरच्या अंगाने घर गाठलं. तू आधीच आलेला व्हतास."

दोन आणि एक. फागूने बोटं मोजली नाहीत, पण त्याची बोटं आपोआप वळली. दोन त्याच्या, एक तिची. माणसाने तीन हाका मारल्या होत्या. भावाने ओ दिली नाही म्हणून बायकोला मारली होती, आणि दोघेही त्याच रानात, त्याच धुक्यात, नियम पाळत उभे होते.

"मग बोललीस का नाय?" तो म्हणाला.

"तू म्हणाला असतास, ओ का नाय दिलीस. मी तुला भीत व्हते."

"मी तुला भीत व्हतो."

बारा वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, एकमेकांच्या ताटात वाढलं, आणि हे. फागू चौथऱ्याला पाठ लावून खाली बसला आणि रडला. बाप मेला तेव्हाही तो इतका रडला नव्हता. गोदी रडली नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"ऊठ," शेवटी ती म्हणाली. "हाका मारायच्या राहिल्यात."

फागू उठला. घळीच्या बाजूला तोंड करून उभा राहिला, तोंडापाशी हात नेले.

"लक्ष्याऽऽ."

आवाज धुक्यात गेला आणि परत आला नाही. एरवी घळीत साधा दगड टाकला तरी त्याचे तीन आवाज व्हायचे.

"लक्ष्याऽऽ."

तिसरीसाठी त्याने श्वास घेतला, पण हाक निघेना. त्याने गोदीकडे बघितलं.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पोशीचा बाप म्हणायचं, घरचा माणूस म्हणायचं, नाहीतर नुसतं तो म्हणायचं. लग्नाच्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत गोदीने ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. ती घळीच्या कडेला आली. पदर घट्ट खोचला.

"लक्ष्या," ती म्हणाली. तिने हाक लांबवली नाही. ओसरीवरून अंगणातल्या माणसाला बोलवावं तशी मारली.

ते थांबले. बराच वेळ थांबले. काहीच झालं नाही. पाणी वाहत होतं, पानं ठिबकत होती. गोदीने चौथऱ्याच्या पायथ्याचा एक दगड उचलला, मुठीएवढा, काळा, ओला. पदराने पुसून तो सुपात ठेवला आणि त्यावर पळसाचं पान झाकलं.

"चल," ती म्हणाली. "आता मी पुढं."

फागूने इरलं उचललं. चढ होता. गोदी पुढे, फागू मागे. आता कुणी कुणाशी बोलायचं नव्हतं. फागू तिच्या टाचांकडे बघत चालला. एक फरशी, एक खळगा, पुन्हा फरशी. मनात आलं, रिकामेच चाललो. तो इथे नाही. म्हणजे शिपाई म्हणाला तेच खरं असेल, मुंबईला असेल, कुठल्या तरी बंदरात हमाली करत असेल, म्हातारा झाला असेल. असं वाटून बरं वाटायला हवं होतं. बरं वाटेना.

मग त्याला ते ऐकू आलं.

आधी त्याला वाटलं, आपल्याच पावलांचा आवाज मागे राहतोय. त्याने पाऊल थोडं लांब टाकलं. मागचं पाऊल लांबलं नाही. ते आपल्या चालीने येत होतं. एक पाऊल पडायचं, आणि दुसरं फरशीवरून ओढलं जायचं. एक पडायचं, एक ओढलं जायचं. मुरगळलेल्या पायाचा माणूस चढ चढतो तसं.

मागे बघायचं नाही. त्याने बघितलं नाही. पुढे गोदीची काकणं वाजायची थांबली होती. तिने सूप छातीशी धरलं होतं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

खिंड जवळ आली. धुकं थोडं पातळ झालं आणि वर हिरड्याच्या फांद्या दिसू लागल्या. ढिगाला वीस पावलं असतील नसतील, तेव्हा हाक आली.

"गोदे."

मोठी नव्हती. दमलेली होती.

गोदी थांबली. फागूही थांबला, आणि त्याच्या आत बारा वर्षांपूर्वीचा तो विशीचा पोरगा पुन्हा ताठ उभा राहिला. एक झाली. अजून दोन. भगताने सांगितलंय, ढीग येईपर्यंत नाही. बापाने सांगितलंय, तिसरीपर्यंत नाही. त्याला ओरडून तिला सांगायचं होतं, वयनी, थांब, पण बोलायचंही नव्हतं.

"ओ," गोदी म्हणाली.

साधं म्हणाली, चुलीपाशी बसून म्हणावं तसं. मागे न बघता.

"ये. पाय जपून टाक, शेवाळ हाय."

आणि ती पुन्हा चालू लागली. काकणं पुन्हा वाजू लागली.

फागू तिथेच होता. वाट अरुंद, एका माणसापुरती. तो काय करतोय ते त्याला उमगायच्या आधीच तो बाजूला सरला, ओल्या दरडीला पाठ लावून उभा राहिला, इरलं अंगाशी ओढून घेतलं आणि वाट मोकळी केली. नजर खाली ठेवली. समोरच्या फरशीत एक खळगा होता, काठोकाठ भरलेला. त्यावर पान पडलं नाही, थेंब पडला नाही. पाणी हललं, काठावरून सांडलं आणि हळूहळू थिरावलं.

थिरावेपर्यंत तो उभा राहिला. मग गोदीच्या मागून, मधली जागा सोडून, चालू लागला.

ढिगापाशी ती त्याची वाट बघत थांबली होती. तिचा चेहरा घामाने आणि पाण्याने ओला होता आणि सूप तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

"ओ दिलीस, वयनी," फागू म्हणाला.

"दिली."

"ढीग यायचा व्हता अजून."

"मग काय परत तिसरीची वाट बघू?"

खिंडीपलीकडे पाड्यावर कोंबडा आरवला, कुणाच्या तरी घरातून धूर वर आला आणि धुक्यात मिसळला. पोशी दारात उभी असेल.

"माघीला सांग," गोदी म्हणाली, "मेल्यांच्या ओळीत. पयलं नाव त्याचं घे म्हणावं."

फागूने मान हलवली. वर हात करून त्याने हिरड्याची एक डहाळी मोडली, स्वतःच्या वाटची. दुसरी मोडली, तिच्या वाटची. दोन्ही घेऊन तो ढिगाकडे वाकला.

"फागू," गोदी म्हणाली. "तीन मोड."

त्याने पुन्हा हात वर केला, तिसरी मोडली आणि तिच्या पानांवरचं पाणी झटकलं.